वारज्याचं छत आणि आप्पांची सही

वारजे, पुणे
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय जया,
सप्रेम जयभीम.

तुझ्या तेजसने मला नोंदणीचा म्हणून जो कागद दिला आहे त्यावर तेजसचं नाव नाही, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोन केला असता, पण तुझ्या कानातलं यंत्र फोनजवळ गेलं की शिट्टी मारतं. आणि व्हॉट्सअॅपवर तू प्रश्नाचं उत्तर म्हणून गुलाबाची फुलं पाठवतेस.

घडलं ते असं. माझ्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायची हे मी दसऱ्यालाच ठरवलं होतं. भाऊबीजेनंतर तेजस आला. हातात तुझा फराळाचा डबा आणि एक चकचकीत फाइल. त्याने गच्ची मोजली, सावली कुठे पडते ते पाहिलं, बायपासची धूळ किती बसते तेही विचारलं. काम येतं पोराला. मग मी म्हटलं, "सरकारी योजनेत नोंदणी असलेल्या एजन्सीकडूनच काम करून घ्यायचं असतं. तुझी नोंदणी दाखव." त्याने फाइलीतला कागद काढून दिला आणि घाईने म्हणाला, "मावशी, चकल्या आधी खा, मऊ पडतील."

चकल्या मऊ पडल्या नाहीत. मी भिंग काढलं. तेच जुनं, ज्याने मी एकतीस वर्षं दुकानदारांच्या वजनांच्या बुडावरचे शिक्के वाचले. कागदावर नाव आहे बुधवार पेठेतल्या कुणा शरच्चंद्रशेठच्या एजन्सीचं. तेजसचं व्हिजिटिंग कार्ड त्याला स्टेपल केलेलं आहे. स्टेपल हा नातेसंबंधाचा पुरावा नव्हे.

तेजस त्या शेठकडे नोकरीला आहे का? भागीदार आहे का? एवढंच कळव. तोवर मी सही करणार नाही.

तुझी,
रतन

ता. क. चिवड्यात मीठ बेताचं होतं. सुधारणा आहे.


वाघोली
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय रतन,
सप्रेम नमस्कार.

बाई, तू निवृत्त झालीस त्याला तेरा वर्षं झाली. वजनमापं खात्याला हे कुणीतरी कळवलंय, तुलाच कळवायचं राहिलंय का?

अगं, सगळीकडे असंच चालतं. नाव शरच्चंद्रशेठचं, काम तेजसचं. शेठची नोंदणी आहे, त्यांना गच्चीवर चढायला गुडघे नाहीत. तेजसला गुडघे आहेत, नोंदणी नाही. दोघांचं भागतं. वाघोलीत, खराडीत मिळून एकतीस घरांवर त्याने पॅनेल बसवली. एकाचीही तक्रार नाही. आमचे हे म्हणतात, "रतनबाईंना सांग, सूर्य काय कागद बघून उगवतो का?" बापूरावांचं सोड, पण मुद्दा बरोबर आहे की नाही?

पोराने खराडीतली आयटीची नोकरी सोडून हे काम हौसेने धरलंय. त्यात मावशीचं छत मिळालं तर त्याला किती बरं वाटेल! वारज्यात तुझ्या ओळखी आहेत. तुझ्या गच्चीवर पॅनेल दिसली की आजूबाजूचे चार जण विचारतील.

सही करून टाक. तेजस घरचाच आहे.

तुझी,
जया


वारजे
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय जया,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. "घरचाच आहे" हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की माझा हात आपोआप तराजूकडे जातो. ज्याचं वजन हलकं निघायचं, तो हमखास म्हणायचा, "बाई, आपण काय परके आहोत का?" वजन पुरं असलेला दुकानदार गप्प बसून पुढचं गिऱ्हाईक बघायचा.

शेजारच्या दुकानाचं शिक्का मारलेलं वजन दाखवायचं आणि माल आपल्या वजनाने तोलायचा, हा प्रकार आमच्या खात्यात गुन्हा होता. आपलं वजन अगदी अचूक असलं तरी गुन्हाच. तेजसचं काम अचूक असेल. मी कुठे नाही म्हणते?

पण ऐक. या योजनेत गिऱ्हाइकाच्या हिताची कलमं आहेत आणि ती चांगली आहेत. घरमालक आणि नोंदणीकृत एजन्सी यांच्यात लेखी करार होतो. पाच वर्षं देखभाल एजन्सीने करायची असते. अनुदान थेट माझ्या खात्यात येतं, कुणाच्या हातून नाही. ही सगळी कलमं एका सहीवर उभी असतात, आणि ती सही असेल शरच्चंद्रशेठची, ज्यांनी माझी गच्ची पाहिलेली नाही. चौथ्या वर्षी इन्व्हर्टर बंद पडला तर तेजस म्हणेल शेठकडे जा, शेठ म्हणतील तेजस कोण? आणि मी भिंग घेऊन बुधवार पेठेत उभी.

सरकारी पोर्टलवर मी दोघांची नावं शोधली. शेठ सापडले. तेजस नाही.

म्हणून शेठना परवा रजिस्टर पत्र पाठवून चार प्रश्न विचारलेत. तेजस आपल्याकडे नोकरीत आहेत काय, करारावर सही कोण करणार, देखभाल कोण करणार, आणि आपल्या नावावर त्यांनी आजवर किती छतं केली. नियमाप्रमाणे विचारलंय. तेजसचं वाईट व्हावं असा हेतू नाही, हे तुला सांगायला नको.

तुझी,
रतन


वाघोली
९ डिसेंबर २०२४

रतन,

हेतू तुझ्याजवळ ठेव. झालं काय ते ऐक.

शरच्चंद्रशेठनी तुझं पाकीट उघडलं. वर "विषय", त्याखाली "संदर्भ", मग एक ते चार मुद्दे, "पंधरा दिवसांत खुलासा करावा", आणि खाली "रतन ओव्हाळ, निरीक्षक". कंसात निवृत्त लिहिलं होतंस म्हणे. तिथपर्यंत वाचायला शेठ थांबले नाहीत. धाड आली म्हणून शटर ओढलं आणि तीन दिवस मोबाइल बंद! चौथ्या दिवशी तेजसला बोलावून म्हणाले, "तू कोण? मी तुला ओळखत नाही." एकतीस घरं ज्याच्या जिवावर केली त्याला म्हणाले, ओळखत नाही.

त्याची तीन कामं अर्धवट थांबली. एका घरी तर लोखंडी सांगाडा उभा आहे आणि वर पॅनेल नाहीत. घरमालकीण त्यावर कपडे वाळत घालते.

आणि आता तुला खरं सांगते, कारण लपवून काय उपयोग. तेजसने नोकरी सोडली नव्हती. कंपनीने दोनशे जणांना एका दिवसात काढलं, त्यात तो होता. सहा महिने तो खोलीबाहेर येत नव्हता. या पॅनेलांमुळे उठून उन्हात जायला लागला. रात्री जेवताना वायरिंगबद्दल बोलायला लागला. मला कागद बिगद काही नको होतं, मला ते बोलणं हवं होतं. ते तू एका रजिस्टर पत्रात बंद केलंस.

बहात्तर साली वसतिगृहात स्थानिक पालक म्हणून सही करायला तुला पुण्यात कोणी नव्हतं. तेव्हा माझ्या आप्पांनी सही केली. मी म्हटलं, आप्पा, माझी मैत्रीण आहे, आणि त्यांनी केली. लोणीकंदच्या आप्पासाहेब कंदांनी दौंडच्या एका गँगमनच्या पोरीचे कागद तपासले होते का गं?

उत्तर पाठवू नकोस.

जया


वारजे
१४ डिसेंबर २०२४

प्रिय जया,

तू नको म्हणालीस तरी उत्तर पाठवते आहे. प्रश्न विचारला की उत्तर घ्यावं लागतं.

आधी माझी चूक. शेठना लिहिण्याआधी तेजसला समोर बसवून सांगायला हवं होतं. पत्राचा मसुदाही माझ्या हाताने जुन्या सवयीने लिहिला. "पंधरा दिवसांत खुलासा करावा" हे म्हणण्याचा मला आता अधिकार नाही. दोन्हीबद्दल मी तुझी आणि तेजसची माफी मागते. नोकरीचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी प्रश्न तेच विचारले असते, फक्त आधी त्याला जेवायला बोलावलं असतं.

आता तुझा प्रश्न. हो. तपासले होते.

जुलैतल्या एका रविवारी आप्पा दौंडला आमच्या रेल्वेच्या खोलीवर आले. मी घरीच होते. धोतर, कोट, हातात छत्री. माझ्या वडिलांना वाटलं साहेबच आले, ते उठून उभे राहिले. आप्पांनी त्यांना बसवलं. माझ्या गुणपत्रिका मागितल्या आणि एकेक विषय वाचला. खर्च कसा भागवणार ते विचारलं. मुलगी हट्टी आहे का, असंही विचारलं. वडील म्हणाले, "हाय." आप्पा म्हणाले, "माझी बी हाय."

आईने चहा केला. कप पुढे करताना तिचा हात थांबला होता, मी पाहिलं. आप्पांनी कप घेतला, संपवला, आणि म्हणाले, "वहिनी, अजून अर्धा घेईन." त्या काळी तुमच्या गावात आमच्यासाठी कप वेगळा ठेवत, तो कशासाठी ते तुला माहीत आहे. माझ्या आईने त्या दिवसापासून तो कप वेगळा ठेवला. मानाने. त्यातून दुसऱ्या कुणाला चहा दिला नाही.

निघताना दारात मला म्हणाले, "पोरी, सही मी करतो. पण जयाला सांगू नको. तिला वाटेल, बापाने माझ्या शब्दावर भरवसा ठेवला नाही." बावन्न वर्षं सांगितलं नाही. आज तू विचारलंस म्हणून सांगितलं.

तिसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा ससूनमध्ये माझ्या खाटेशेजारी आठ दिवस कोण बसलं होतं? ज्याने सही केली होती तो. आधी तपासून सही केली, म्हणून निभावली. सही करणारा माणूस वेळेला येईल का, एवढंच मी शेठना विचारलं होतं. त्यांनी शटर ओढून उत्तर दिलं.

तुझी,
रतन


वाघोली
१४ जानेवारी २०२५

रतनमावशी,
नमस्कार.

पेन हातात धरून बरीच वर्षं झाली, हँडरायटिंग समजून घ्या. तुम्ही ईमेल वाचत नाही म्हणून.

आधी सॉरी. शेठचा कागद मी तुम्हाला द्यायला नको होता. देताना मला माहीत होतं की तुम्ही वाचणार, म्हणून चकल्यांचा विषय काढला. वर्क झालं नाही.

आईने तुमचं पत्र वाचलं. तिसऱ्या दिवशी आप्पा-आजोबांच्या फोटोची काच पुसायला घेतली आणि फोटोलाच म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं?" मग पत्र माझ्यापुढे टाकून म्हणाली, वाच. मी वाचलं. पॉइंट समजला.

मी स्वतःच्या नावावर रजिस्ट्रेशन करतोय. रणजित म्हणून माझा मित्र आहे, त्याच्याकडे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आहे, तो पार्टनर झाला. बँक गॅरंटी लागते, त्यासाठी बाबांनी त्यांची ठेव तारण दिली. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "शेठच्या नावानं एकतीस घरं केलीस, आता बापाच्या नावानं एक कर."

अडकलेल्या तिन्ही कस्टमरांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. सगळ्यात बेकार दिवस होता तो. एकाने दुसरा माणूस बघितला. दुसऱ्या काकू म्हणाल्या, थांबते, तोवर कपडे वाळवायची सोय आहेच. तिसरे रोज सकाळी फोन करून विचारतात, "लागला का शिक्का?"

फाइल सोबत जोडली आहे. सबमिट करायच्या आधी तुम्ही चेक कराल का?

तिळगूळ पाठवतोय. कुणी दिलेत ते सांगायचं नाही असं मला सांगितलं आहे.

तेजस


वारजे
२० जानेवारी २०२५

चि. तेजस,
अनेक आशीर्वाद.

फाइल परत पाठवते आहे. चौदा ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. पत्ता तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिला आहे. वाघोली एकच आहे ना? कराराच्या नमुन्यात देखभालीची पाच वर्षं कुठल्या दिवसापासून मोजायची ते तू रिकामं सोडलं आहेस. काम पूर्ण होऊन, दिलेली-घेतलेली वीज मोजणारं नेट मीटर बसेल त्या दिवसापासून मोजायची, आणि तसं लिहायचं. तक्रारीसाठी दिलेला नंबर मी लावून पाहिला. तो तुझ्या आईने उचलला आणि शिट्टी ऐकू आली. स्वतःचा नंबर दे.

रणजितला घेऊन ये. त्याचं लायसन्स फाइलीत पाहिलं, आता माणूस पाहायचा आहे.

तिन्ही घरी स्वतः गेलास, ते चांगलं केलंस. नोंदणी कागदावर होण्याआधीची पायरी तीच असते.

तिळगूळ ज्यांनी दिले त्यांना सांग, पाक नेहमीसारखाच जास्त झाला आहे. अडकित्त्याने फोडून खाल्ले. सगळे खाल्ले.

तुझी मावशी,
रतन


वाघोली
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

प्रिय रतन,
सप्रेम नमस्कार.

पाक जास्त झाला म्हणे! दात मोजून ठेवले होतेस का, की किती हलले ते नोंदवता यावं?

झाली गं नोंदणी. पोर्टलवर तेजसचं नाव आलं. त्याने मोबाइल पुढे धरला तेव्हा आधी मला काही दिसेना. चष्म्यामुळे नव्हे, डोळ्यांतल्या पाण्यामुळे. बापूराव सकाळपासून गुढीपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताहेत, "आमचं पोरगं आता सरकारच्या यादीत हाय. बगा मोबाइलवर, बगा." एकाने विचारलं, कसली यादी, मतदारांची का? त्याला पुरणपोळी मिळाली नाही.

आता माझं थोडं. मला त्या उसन्या कागदाची भीती आधीपासून वाटत होती. म्हणूनच तुझ्या पहिल्या पत्राला मी इतकं हसत हसत उत्तर दिलं. मी लपवते तेव्हा विनोद करते, आणि हे तुला वसतिगृहापासून माहीत आहे. तरी तू मला एकदाही "तुला माहीत होतं ना?" असं विचारलं नाहीस. चौदा खुणा तेजसच्या फाइलीवर केल्यास, माझ्यावर एकही नाही.

आप्पा दौंडला गेले ते मला बावन्न वर्षं माहीत नव्हतं. मी सगळ्यांना सांगत आले, माझ्या एका शब्दावर आप्पांनी सही केली. आता काय सांगू? बापूराव म्हणतात, "खरं सांग. म्हातारा आणि रतनबाई, दोघं एका मापाची."

रतन, त्या कपाचं पुढे काय झालं?

पहिलं छत तुझं. तेजसला मी बजावलंय, मावशी स्क्रूसुद्धा मोजेल. तो म्हणाला, "माहितीये, मी पण मोजलेत."

तुझी,
जया


वारजे
५ एप्रिल २०२५

प्रिय जया,
सप्रेम जयभीम.

कप माझ्याकडे आहे. टपालाने पाठवण्याची वस्तू नाही. येऊन बघ. नगर रोडच्या गर्दीची सबब सांगू नकोस. आप्पा भर पावसाळ्यात एसटीने दौंडला पोचले होते.

रणजितला पाहिलं. कमी बोलतो, अर्थिंगचा खड्डा स्वतः खणतो. चालेल.

काम वेळेत झालं तर बुद्धपौर्णिमेला सगळ्या वस्तू हाती घेईन. खीर असेल. साखर मी मोजून घालते.

तुझी,
रतन


हस्तांतराची नोंद

स्थळ: रतन ओव्हाळ यांची गच्ची व नंतर स्वयंपाकघर, वारजे, पुणे
दिनांक: १२ मे २०२५, बुद्धपौर्णिमा
हजर: तेजस सातव, रणजित, बापूराव सातव, जया सातव, रतन ओव्हाळ

तेजस सातव यांनी रतन ओव्हाळ यांना दिले:

१. नोंदणीकृत एजन्सी या नात्याने केलेला करार, मूळ प्रत. प्रत्येक पानावर तेजसची सही. कार्ड स्टेपल केलेले नाही.

२. देशी बनावटीची पॅनेल, सहा नग. सहाही क्रमांक वॉरंटी कार्डांशी भिंगाने ताडून पाहिले. जुळले. ताडताना बापूराव यांनी "बाई, ऊन हाय" असे तीनदा सांगितले. त्याची नोंद घेतली.

३. इन्व्हर्टर एक, वॉरंटी कार्डासह.

४. अर्थिंगच्या चाचणीचा अहवाल, आणि नेट मीटर बसवल्याच्या कागदाची प्रत. देखभालीची पाच वर्षे मीटर बसल्याच्या तारखेपासून, तसे करारात लिहिले आहे.

५. तक्रारीचा नंबर. तिथेच लावून पाहिला. तेजसच्या खिशात वाजला.

६. बायपासची धूळ पुसण्यासाठी लांब दांड्याचा ब्रश, एक. यादीत नव्हता, स्वतःहून आणला.

रतन ओव्हाळ यांनी दिले:

७. तेजस यांस: भिंग, पितळी कडीचे, एक. वापरलेले, काच शाबूत. पुढच्या छतांवर गिऱ्हाइकाने मागण्याआधी स्वतः वापरावे या अटीवर. अट मान्य.

८. बापूराव यांस: खिरीचा स्टीलचा डबा, झाकणासह. डबा परत करणे.

९. जया यांस: वसतिगृहाचा स्थानिक पालकाचा अर्ज, सन १९७२, माझ्याकडची प्रत. सही आप्पासाहेब कंद. "मुलीशी नाते" या रकान्यात आप्पांनी "मुलगी" लिहिले आहे.

दिलेले नाही:

१०. कप, चिनी मातीचा, निळ्या काठाचा, एक. तो वारज्यालाच राहील. जया यांनी त्यातून चहा घेतला. अजून अर्धा मागून घेतला.

वरील सर्व मिळाले, तपासले.

रतन ओव्हाळ
तेजस सातव
जया सातव (कप सोडून सर्व मिळाले. पुन्हा येईन.)